सव्य, अपसव्य आणि शस्त्र

मराठीत ‘सव्यापसव्य’ म्हणजे खटाटोप, नको इतकी यातायात. शब्द आला आहे श्राद्धविधीतून. देवकार्यात जानवं डाव्या खांद्यावर असतं, ते सव्य. पितरांसाठी उजव्या खांद्यावर घ्यायचं, ते अपसव्य. हा खांदेपालट विधीत इतक्या वेळा करावा लागतो की भाषेने त्यावरून दगदगीलाच नाव दिलं. संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे मुळात डावा. पण कोशांत ‘उजवा’ हाही अर्थ नोंदलेला सापडतो. त्यामुळे हा शब्द दिसला की अनुवादकाला थांबून आजूबाजूला पाहावं लागतं.

अशीच मी सुश्रुतापाशी थांबले. बजबजला आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी जनरल सर्जरीत एम. एस. करते आहे. ती डावखुरी. तिच्या एका वरिष्ठांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, हात बदल, नाहीतर शाखा बदल. तिने मला विचारलं, “काकिमा, तुम्ही संस्कृत वाचता. डाव्या हाताबद्दल जुन्या ग्रंथांत काही आहे का?”

आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातल्या सतराव्या अध्यायात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया येते. शलाकेने डोळा वेधून गढूळ झालेलं भिंग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचं, अशी ती जुनी पद्धत. तिथे नियम दिला आहे, की रोग्याचा डावा डोळा वैद्याने उजव्या हाताने वेधावा आणि उजवा डोळा डाव्या हाताने. या वाक्यात ‘सव्य’ आणि ‘दक्षिण’ शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे अर्थाचा घोटाळा होत नाही. कारणही उघड आहे. शलाका कानशिलाच्या बाजूने आत शिरते. वैद्य समोर बसलेला असताना रोग्याचा डावा डोळा त्याच्या उजव्या हाताला येतो आणि उजवा डोळा डाव्या हाताला. हात आडवा नेला तर मध्ये नाक येतं. तेव्हा कोणता हात वापरायचा हे वैद्याच्या सवयीने ठरत नाही, रोग्याच्या देहाने ठरतं.

पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस हाच नियम देतो. शस्त्रवैद्याच्या अंगी काय हवं हे सांगताना न कापणाऱ्या हाताबरोबर तो आणखी एक अट घालतो: डावा हात उजव्याइतकाच तयार असावा. दोन दूरच्या परंपरा एकाच निष्कर्षाला आल्या, कारण दोघींपुढे दोन डोळ्यांचा माणूस बसला होता.

ही तयारी जन्मजात असावी अशी सुश्रुताची अपेक्षा नाही. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात तो शिष्याला आधी भोपळा, काकडी, कलिंगड यांवर छेद घ्यायला लावतो. मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ वेधायला लावतो. कितीही शास्त्र वाचलं तरी या सरावावाचून माणूस कामाला अपात्रच, असं त्याचं मत. हात ही शिकवून घडवायची गोष्ट आहे, हे त्याने गृहीत धरलं होतं.

हा ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो कलकत्त्यातच, 1835-36 साली. संपादक होते पंडित मधुसूदन गुप्त. संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकवणारे मधुसूदन 1835मध्ये नव्याने निघालेल्या मेडिकल कॉलेजात आले आणि 1836मध्ये त्यांनी तिथे शवविच्छेदन केलं. आधुनिक भारतातलं पहिलं म्हणून ते इतिहासात नोंदलं गेलं. शवाच्या अभ्यासाची रीत सुश्रुताने सांगूनच ठेवली होती. ग्रंथ छापणारा आणि शस्त्र चालवणारा हात एकाच माणसाचा असावा, हा योग मला फार मोलाचा वाटतो. शवाच्या स्पर्शाचा विटाळ मोडल्याचं साल आपल्याला सांगता येतं. डाव्या हाताचा विटाळ मोडल्याचं असं साल नाही.

तो विटाळ शस्त्रगृहातला नाहीच. तो पंगतीतून आणि पूजेतून आला. सरस्वतीपूजेला बंगाली घरांत ‘हातेखडी’ होते: वडीलधारं माणूस मुलाचा उजवा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतं. आपल्याकडे पाटीवरचा श्रीगणेशाही उजव्यानेच. बंगालीत ‘बाम’ म्हणजे डावा, आणि प्रतिकूलही; दैव फिरलं की ‘बिधि बाम’. मराठी ‘डावलते’, आणि मूल झालं की कूस ‘उजवते’.

पुढे हत्यारांनी हीच रीत लोखंडात पक्की केली. उजव्या हातासाठी घडवलेली कात्री उजव्या अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकांवर दाबते. तीच डाव्या हातात पाती फाकवते आणि कापण्याऐवजी चावते. टाके घालताना सुई धरायचा चिमटा, त्याचा खटका उजव्या अंगठ्याच्या रेट्याने सुटतो. डाव्याला तो उलटा ओढावा लागतो. रोग्याला तपासायचं तेही त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून, असं विद्यार्थ्याला पहिल्यापासून शिकवतात. डावखुऱ्यांची हत्यारं मिळतात, पण ट्रे सगळ्यांसाठी एकच मांडलेला असतो.

अर्जुनाचं ‘सव्यसाची’ हे नाव दोन्ही भाषांनी जपलं आहे. बंगालीत अनेक प्रकारांत लिहिणारा लेखक सव्यसाची असतो, मराठीत संपादक. मामा वरेरकरांनी ज्यांना मराठीत घरोघरी नेलं त्या शरच्चंद्रांच्या ‘पथेर दाबी’चा (1926) क्रांतिकारक नायक सव्यसाची, आणि त्याचे सोबती त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात. कादंबरीत हे सहज जमलं. आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत दोन्ही हातांत एकेक हत्यार असतं, तेव्हा ही जोडी शस्त्रगृहातही जमायला हरकत नसावी.

मुलीला मी हे सगळं सांगितलं, आणि एक मर्यादाही. सुश्रुताने डावखुऱ्यांची बाजू घेतलेली नाही. त्याने प्रत्येकाकडून दुसरा हात मागितला आहे. ती जेवते उजव्याने, लिहिते उजव्याने, कारण हातेखडीला आजोबांनी तोच हात धरला होता; शस्त्र मात्र डाव्यात धरते. सुश्रुताच्या हिशेबाने तिचा निम्मा अभ्यास लहानपणीच झाला आहे. तिच्याबरोबरच्या उजव्यांना मात्र ‘हात बदल’ असं अजून कोणी म्हटलेलं नाही.