बूस्टर सीट

बूस्टर सीट हे मोटारीच्या आसनावर ठेवून मुलाला उंचावर बसवणारे सुरक्षा साधन होय. मोटारीतील आसनपट्टा, म्हणजेच सीटबेल्ट, प्रौढांच्या शरीराचे माप गृहीत धरून बसवलेला असतो. स्वतंत्र पट्टे असलेल्या बालआसनात न मावणाऱ्या, परंतु मोटारीचा पट्टा अद्याप नीट न बसणाऱ्या, साधारणतः शालेय वयाच्या मुलांसाठी ही सीट वापरली जाते. स्वीडनमधील व्होल्वो कंपनीने १९७८ मध्ये अशी बैठक बाजारात आणली.

कार्यतत्त्व

बूस्टर सीट मुलाला स्वतः बांधून ठेवत नाही. ती पट्टा शरीरावर योग्य जागी आणते. लहान मुलांच्या कमरेच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. त्यामुळे सीटविना बसलेल्या मुलाचा कमरेवरील पट्टा अपघाताच्या धक्क्याने पोटावर सरकतो आणि आतडी, यकृत, प्लीहा तसेच कमरेचे मणके यांना गंभीर इजा होऊ शकते. या दुखापतींच्या समूहास सीटबेल्ट सिंड्रोम म्हणतात. खांद्यावरील पट्टा मानेला घासू लागल्यास मुले तो काखेखाली किंवा पाठीमागे घेतात आणि शरीराच्या वरच्या भागाचे संरक्षण नाहीसे होते. अमेरिकेत ४ ते ८ वर्षे वयाच्या मुलांबाबत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ आसनपट्टा लावलेल्या मुलांच्या तुलनेत बूस्टर सीटवरील मुलांना दुखापत होण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी आढळली.

प्रकार

* पाठ असलेली सीट : हिला डोक्याचा आधार व खांद्यावरील पट्ट्यासाठी मार्गदर्शक खाच असते. झोपलेल्या मुलाचे डोके ती सावरते. मोटारीच्या आसनाला डोक्याचा आधार नसल्यास हीच सीट वापरावी लागते.
* पाठविरहित सीट : ही हलकी व स्वस्त असते; मात्र बाजूने होणाऱ्या धडकेत डोक्याला संरक्षण देत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार २०१७ पासून नव्याने मान्यता मिळणाऱ्या अशा सीट १२५ सेंमीपेक्षा अधिक उंचीच्या मुलांपुरत्या मर्यादित आहेत.

निवड

निवड करताना वयापेक्षा उंची, वजन आणि पट्टा बसण्याची पद्धत यांना महत्त्व असते. स्वतंत्र पट्टे असलेल्या आसनाची उंची किंवा वजनाची मर्यादा ओलांडेपर्यंत मुलाला त्यातच बसवणे अधिक सुरक्षित मानले जाते. बूस्टर सीट तीन बिंदूंच्या पट्ट्यासहच वापरता येते. केवळ कमरेचा पट्टा असलेल्या जागी ती वापरू नये. एकच सीट सर्व मोटारींत सारखी बसत नसल्याने खरेदीपूर्वी ती आपल्या मोटारीत ठेवून, मुलाला बसवून पाहणे इष्ट ठरते. अपघातात सापडलेली किंवा पूर्वेतिहास ठाऊक नसलेली जुनी सीट वापरू नये. सीट रिकामी असतानाही पट्ट्याने किंवा आयसोफिक्स जोडणीने अडकवून ठेवावी, अन्यथा धडकेत ती इतर प्रवाशांवर आदळू शकते.

वापर केव्हा थांबवावा

पुढील सर्व बाबी पूर्ण झाल्यास मुलाला बूस्टर सीटची गरज उरत नाही :

* पाठ आसनाला पूर्णपणे टेकते.
* गुडघे आसनाच्या कडेवर सहज वाकतात.
* कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या भागावर राहतो.
* खांद्यावरील पट्टा छाती व खांद्याच्या मध्यावरून जातो.
* संपूर्ण प्रवासात मूल याच स्थितीत बसू शकते.

साधारणतः १४५ सेंमी उंचीच्या सुमारास हे शक्य होते. त्यानंतरही १३ वर्षांखालील मुलांनी मागील आसनावरच बसावे, अशी शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना करते.

कायदे व मानके

युरोपीय संघात १५० सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बालआसन सक्तीचे आहे. सदस्य देश ही मर्यादा १३५ सेंमीपर्यंत खाली आणू शकतात. युनायटेड किंग्डममध्ये वयाची १२ वर्षे किंवा १३५ सेंमी उंची, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर ही सक्ती असते.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १९४-बी समाविष्ट झाले. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला आसनपट्टा किंवा बालआसन यांपैकी एकानेही सुरक्षित न केल्यास १,००० रुपये दंड होतो. या तरतुदीत दोन्ही पर्याय समान मानलेले असल्याने लहान मुलाला केवळ आसनपट्टा लावल्यासही कायद्याचे पालन होते; तो पट्टा मुलाच्या शरीरावर योग्य जागी बसतो की नाही, हे पालकांनाच पाहावे लागते. बालआसनांसाठी भारतात एआयएस-०७२ हे मानक आहे.