पंचवीस होनांची जखम : मराठा काळातील खेळासाठी दुखापतीचे नियम

१/
टेबलाभोवती चार-पाच मित्र बसलेले, प्रत्येकाच्या हाती एक पात्र, आणि त्या पात्राचे बरेवाईट फाशावर अवलंबून. अशा रोलप्लेइंग खेळात मराठा काळ आणावयाचा म्हटले, की पहिला पेच पडतो तो जखमेचा. तलवारीचा वार लागला. आता पात्राचे काय करावयाचे? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे. उत्तरासाठी प्रशियापासून प्रतापगडापर्यंत आणि शेवटी उदगीरपर्यंत जावे लागेल.

२/
बहुतेक खेळांत एक तयार उत्तर असते : हिट पॉइंट्स. पात्रापाशी वीस गुण आहेत, सहाचा वार बसला, चौदा उरले. शून्य झाले की पात्र कोसळते. मात्र चौदा उरलेले पात्र वीसवाल्याइतकेच धावते आणि तितक्याच जोराने तलवार चालवते. हिशेब सोपा आहे, पण हा नियम माणसासाठी जन्मलाच नव्हता.

३/
१८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने ‘क्रीग्सश्पील’ म्हणजे युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर तुकड्यांचे ठोकळे, हाती फासे आणि निवाड्याला एक पंच. तुकडीची किती हानी झाली, हे फासा आणि तक्ता मिळून सांगत. तेथे मोजमाप तुकडीचे होते. एकट्या शिपायाची जखम त्या तक्त्यात दिसणे शक्यच नव्हते.

४/
दीडशे वर्षांनी, १९७४ मध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रकाशित केला. त्याआधीच्या आर्नेसनच्या खेळात एका वारात पात्र मरत असे. खेळाडूंचा आपल्या पात्रांवर जीव जडू लागला आणि ते असे पटकन मरणे त्यांना रुचेना. तेव्हा आर्नेसनने स्वतःच्याच एका आरमारी खेळातील नियम उचलला. तो खेळ अमेरिकी यादवीतील लोखंडी जहाजांचा होता.

५/
म्हणजे हिट पॉइंट हे मुळात जहाजाचे माप. जहाजाला गोळे बसत राहतात, ते तरंगत राहते आणि एका क्षणी बुडते. गायगॅक्सलाही यातील अडचण ठाऊक होती. १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात त्याने खुलासा केला, की हे गुण निव्वळ रक्तामांसाचे नाहीत. त्यांत कौशल्य आणि नशीबही धरलेले आहे.

६/
इतरांनी वेगळ्या वाटा शोधल्या. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये जखम झाली की पात्राची ताकद, चपळाई वा सहनशक्तीच घटते. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये डोके, छाती, हात, पाय यांचा हिशेब वेगवेगळा. या दोन्ही वाटा अधिक वास्तव आहेत. तरीही दोहोंत जखमेचा विचार लढाईपुरताच होतो. लढाई संपल्यावर त्या माणसाचे काय, या प्रश्नाला तेथे फारशी जागा नाही.

७/
आता आपल्याकडे वळू. मराठवाड्यातील कितीतरी गावांत वीरगळ उभे आहेत. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. बिलोलीतील दगडी मशीद ज्या सरफराज खानाच्या नावाने ओळखली जाते, त्याच्या नावापुढेही ‘शहीद’ लागते. दगड मेलेल्यांची आठवण ठेवतो. हात गमावून घरी परतलेल्याचा दगड कोणी उभारीत नाही. त्याला शोधावयाचे तर हिशेबात शोधावे लागते.

८/
असा एक हिशेब कृष्णाजी अनंत सभासदाने नोंदवून ठेवला आहे. त्याची बखर राजाराम महाराजांच्या काळात, जिंजी येथे, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिली गेली. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगानंतर महाराजांनी जखमींना काय दिले, ते तो सांगतो : जखम पाहून माणशी २००, १००, ५० किंवा २५ होन. कामी आलेल्यांचे मुलगे पुढे चालवावेत, मुलगा नसेल तर पत्नीला निम्मे वेतन द्यावे, अशीही व्यवस्था त्याने नोंदवली आहे.

९/
बखर प्रसंगानंतर तीसहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे, हे ध्यानात ठेवावे. प्रत्यक्ष हिशेबाचा कागद आणि बखरकाराची आठवण यांत अंतर असते. परंतु जखमी माणसाची प्रतवारी कशी करावी, याची त्या काळच्या दरबारी माणसाच्या मनातील कल्पना येथे स्पष्ट दिसते. नियम रचणाऱ्याला ती पुष्कळ काही शिकवते.

१०/
पहिली गोष्ट, आकडे पाहा : २५, ५०, १००, २००. प्रत्येक पायरी मागचीच्या दुप्पट आहे. खेळात चार लहान वारांची बेरीज एका मोठ्या वाराइतकी होते. प्रत्यक्षात चार खरचटी मिळून एक तुटलेला हात होत नाही. म्हणून जखमांची बेरीज करू नये. प्रत्येक जखम आपापल्या पायरीवर स्वतंत्र लिहावी. त्याच जागी पुन्हा वार बसला, तरच एक पायरी चढवावी.

११/
दुसरी गोष्ट, प्रतवारी ‘जखम पाहून’ होते, आणि ती लढाई संपल्यावर. खेळातही तसेच करता येईल. लढाईच्या धामधुमीत एवढेच ठरवावे, की पात्र उभे राहते की पडते. खरी पायरी नंतर, जखम उघडून पाहिल्यावर ठरावी. लढताना आपल्याला किती लागले आहे, याची खात्री शिपायाला नसते. ती खेळाडूलाही नसावी.

१२/
कोणत्या जखमेला कोणती रक्कम, हे सभासद सांगत नाही. पुढची वाटणी माझी, खेळापुरती. २५ : लढता येते, पण रात्री ताप येतो का, याचा फासा टाकावा. ५० : त्या अवयवाने करावयाचे प्रत्येक काम कठीण. १०० : लढणे बंद, कोणीतरी उचलून न्यावे लागते. २०० : शरीरातले काहीतरी कायमचे गेले.

१३/
चिलखताचे काय? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये चिलखत असले की वार लागण्याची शक्यताच घटते. प्रतापगडाची कथा निराळे सांगते. अफजलखानाचा वार महाराजांना लागला. आत चिलखत होते म्हणून तो अंगात शिरला नाही. तेव्हा आपल्या नियमात वार लागू द्यावा आणि चिलखताने जखम एक पायरी उतरवावी.

१४/
तानाजी मालुसऱ्यांचा प्रसंग आणखी एक नियम देतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईचे वर्णन करताना सभासद लिहितो, की त्यांची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली. खेळाडूलाही ही मुभा द्यावी : जिवावरचा वार हातावर घेता येईल, पण हाताची जखम किमान १०० च्या पायरीची. येथे फासा काही ठरवीत नाही. खेळाडूला ठरवावे लागते.

१५/
आता २०० ची पायरी. कायमची दुखापत झाली की पात्र संपले, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी महादजी शिंदे आठवावेत. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांच्या पायावर वार झाला आणि लंगडेपण जन्मभर राहिले. १७७१ मध्ये मराठ्यांनी पुन्हा दिल्ली घेतली, तेव्हा ते अग्रभागी होते. १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीस त्यांचे निधन झाले. त्यांच्या कर्तृत्वाचा जवळजवळ सारा भाग त्या जखमेनंतरचा आहे.

१६/
आणि ते वाचले ते राणेखान नावाच्या भिस्त्यामुळे. पाणी वाहणाऱ्या त्या माणसाने जखमी महादजींना आपल्या बैलावर घालून रणातून बाहेर काढले. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानले आणि तो सरदारपदाला पोहोचला. म्हणून १०० च्या पायरीवर ‘कोणीतरी उचलून न्यावे लागते’ ही अट महत्त्वाची. उचलणाऱ्याला लढाई सोडावी लागेल, आणि त्या निर्णयाने दोघांचीही कथा बदलेल.

१७/
सगळ्या जखमा रणात होत नाहीत. कावसजी हा इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा मराठा शेतकरी. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत चित्रासह छापली आणि युरोपातील शल्यवैद्यांचे लक्ष तिकडे वेधले.

१८/
मराठीत नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे. ही शिक्षा शरीरापेक्षा समाजातील स्थानावर केलेला घाव होती. कावसजीला नाक परत मिळाले, हात मिळाला नाही. त्याला पुढे कंपनीकडून निवृत्तिवेतन मिळत होते. खेळात अशा जखमेसमोर तीन प्रश्न लिहावेत : काय दुरुस्त होऊ शकते, काय होऊ शकत नाही, आणि आता पोट कशावर भरणार?

१९/
बरे होण्याचा नियम तर बहुतेक खेळांत अगदीच उदार. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत आठ तासांच्या विश्रांतीनंतर सारे हिट पॉइंट परत मिळतात. नांदेडकरांना वेगळी आठवण आहे. १७०८ मध्ये नांदेड येथे गुरू गोविंदसिंहजींवर हल्ला झाला. परंपरा सांगते, की जखम शिवली गेली, भरतही आली होती. पण भक्कम धनुष्य ओढताना ती पुन्हा उघडली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी ते ज्योतीज्योत समावले.

२०/
गुरूंना खेळातील पात्र करू नये, हे सांगावयास नको. पण भरत आलेली जखम उघडू शकते, ही गोष्ट नियमात यावयासच हवी. विश्रांती आठवड्यांनी मोजावी. ५० ची जखम तीन आठवडे, १०० ची तीन महिने. त्याआधी पात्राने जोराचे काम केले, तर फासा टाकावा. फासा उलटा पडल्यास जखम पुन्हा मूळ पायरीवर.

२१/
हे नियम पारखावयाचे तर आपल्याच भागात पारखू. ३ फेब्रुवारी १७६० : उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मिळाले. मार्चमध्ये, म्हणजे जेमतेम दीड महिन्याने, परतूडहून भाऊंची फौज उत्तरेकडे निघाली.

२२/
आता समजा, आपल्या पात्राला उदगीरवर १०० ची जखम झाली आहे. तीन महिने भरलेले नाहीत, आणि फौज निघते आहे. सोबती निघाले आहेत, विजयाची हवा आहे, उत्तरेत नाव मिळवण्याची संधी आहे. जावे की राहावे? पानिपतावर काय घडले ते खेळाडूला ठाऊक आहे; पात्राला नाही. हिट पॉइंटच्या खेळात हा प्रश्न पडणारच नाही, कारण ते पात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच ठणठणीत झालेले असेल.

२३/
उदगीरहून जखमी होऊन मागे राहिलेल्या शिपायांची नावे इतिहासाने जपली नाहीत. त्यांच्यासारखा एखादा माणूस कसा विचार करील, हे टेबलाभोवती बसून तासभर अनुभवता आले, तरी त्या खेळाने इतिहासाचे काम केले असे म्हणता येईल. त्यासाठी नियम फार गुंतागुंतीचे नसावेत. चार पायऱ्या, एक फासा आणि ‘जखम पाहण्याची’ एक शांत वेळ, एवढे पुरे.

२४/
शेवटचा नियमही सभासदाचाच. पात्र मेले, तर खेळाडूने नवे पात्र कोठून तरी आणू नये. मृताचा मुलगा, मुलगा नसेल तर निम्म्या वेतनावर घर चालवणारी पत्नी, हेच त्याचे पुढचे पात्र. त्याच्या हाती बापाची तलवार असेल किंवा तिच्यापुढे न फिटलेले देणे. खेळ तेथून पुढे चालू राहील.

आपल्या गटात हे नियम वापरून पाहिलेत, तर कोणती पायरी जड वा हलकी वाटली, ते खाली अवश्य लिहा.