देऊळ, घाट आणि आपली वस्ती

देऊळघाट हे गाव बुलडाणा तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली ही नदी इथं अजून लहान पोर आहे. पुढं जाऊन ती मोठी होते, वर्धेला मिळते. नाव जरा मोठ्यानं उच्चारून बघा, मित्रांनो. देऊळ आणि घाट. ह्यातला घाट डोंगराचा की नदीच्या पायऱ्यांचा, तो वाद इतिहासवाल्यांना लखलाभ. मला दिसतं ते एवढंच, की आपल्या बापजाद्यांना ज्या दोन जागांवर पाऊल ठेवायची बंदी होती, त्या दोन्ही ह्या एका नावात बसल्यात. देव आणि पाणी.

आणि ह्याच दोन जागांवर आपली लढाई सुरू झाली. पाण्यासाठी 20 मार्च 1927 ला महाडचं चवदार तळं. देवळासाठी त्याच वर्षी आपल्या वऱ्हाडात अमरावतीच्या अंबादेवीची चळवळ, नोव्हेंबरातली परिषद, अध्यक्ष बाबासाहेब. मग 2 मार्च 1930 ला नाशिकचा काळाराम, तो पाच वर्षं चालला. तळ्याचा निकाल हायकोर्टातून यायला 1937 साल उजाडलं. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं! तेवढ्या काळात बाबासाहेबांच्या मनातला प्रश्न बदलत गेला, असं मला वाटतं. देवळात शिरायचं का, घाटावर उतरायचं का, हे प्रश्न मागं पडले. ज्या गावात ह्यासाठी डोकं फोडून घ्यावं लागतं, त्या गावात राहायचंच कशाला, हा प्रश्न पुढं आला.

आपण शिबिरात 'नवा समाज', 'समतेचं राज्य' असं बोलतो. पण तो समाज राहणार कुठं? कुठल्या जमिनीवर, कुठल्या विहिरीचं पाणी पिऊन? हे विचारलं की आपली पोरं गप्प होतात. म्हणून हा लेख.

आधी जुन्या गावाचा नकाशा बघू. मधे देऊळ, चावडी, पाटलाचा वाडा. भोवती गावकूस. कुसाबाहेर आपण. तेही कुठंही नाही. नदी गावाला वळसा घालून जिथून खाली जाते, वारा गावावरून जिथं वाहत येतो, त्या अंगाला. म्हणजे गावानं वापरलेलं पाणी आणि गावानं सोडलेला वारा आपल्या वाट्याला. ह्याला मी योगायोग म्हणणार नाही. ही जातीची इंजिनिअरिंग आहे. आणि गंमत अशी, की शिवेचा वाद पडला तर साक्ष महाराची. गावाची हद्द कुठं संपते ते त्यालाच ठाऊक, कारण तो हद्दीवरच उभा. आमची आजी म्हणायची, "बाप्पा, गाव आपलं हाये, पन आपलं घर गावात नाई." एवढ्या एका वाक्यात तिनं गावगाडा सांगून टाकला होता.

ह्याच जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा आहे. चोखोबाचं जन्मगाव म्हणून ते सांगितलं जातं. चोखोबा मेला कसा, हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर कुणी थांबत नाही. मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला त्याला वेठीला धरलं होतं. ते कूस कोसळलं आणि मजूर खाली गाडले गेले. साल 1338. म्हणजे जी भिंत त्याला बाहेर ठेवण्यासाठी उभी होत होती, ती त्याच्याच हातांनी, आणि ती त्याच्याच अंगावर. पुढं नामदेवानं हाडं आणली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी झाली. बघा, मेल्यावरही पायरीशीच. कीर्तनकार इथं डोळे पुसतात. मला मात्र विचारावंसं वाटतं, त्या भिंतीचं काम पुढं कुणी पुरं केलं? आपल्याच माणसांनी केलं असेल. दुसरं कोण करणार?

त्या काळात ज्यांनी भिंतीशिवायच्या गावाचं स्वप्न बघितलं, तेही आपलेच. काशीच्या रविदासानं बेगमपुरा नावाचं शहर कल्पिलं, जिथं दुःख नाही, कर नाही, दुय्यम-तिय्यम कुणी नाही आणि कुठंही फिरायला आडकाठी नाही. चामड्याचं काम करणाऱ्या माणसाला स्वर्ग नको होता, त्याला शहर हवं होतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. जोतीबा तर एका घरापर्यंत आले. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त, 1891 साली, बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, असं एकाच छपराखालचं कुटुंब त्यांनी मांडलं. पण शहर असो की घर, त्याला जागा लागते. बेगमपुऱ्याचा सातबारा कुणाच्या नावावर, हे रविदासाच्या काळात विचारता येत नव्हतं.

ते विचारलं नागपुरात. 18 ते 20 जुलै 1942, अखिल भारतीय दलित वर्ग परिषद, अध्यक्ष एन. शिवराज. इथंच शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं, बायांची वेगळी परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली झाली, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच परिषदेत एक ठराव झाला तो आपण विसरतो. अस्पृश्यांना हिंदू गावांपासून दूर, स्वतंत्र वसाहती द्या, आणि त्यासाठी सरकारनं वसाहत आयोग नेमावा. वेगळी आळी मागितली नव्हती, वेगळं गाव मागितलं होतं.

हिशेब साधा होता. गावात आपली घरं तीस, त्यांची तीनशे. जमीन त्यांची, विहीर त्यांची, दुकान त्यांचं, फौजदार त्यांच्या ओसरीवर चहा पिणार. आपण मान वर केली की बहिष्कार. पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद, जनावराला चरायला बंद. अशा ठिकाणी कायद्यानं दिलेला हक्क वापरायचा म्हणजे उपाशी मरायची तयारी ठेवायची. पण हीच तीस-तीस घरं दहा गावांतून एकत्र आली तर? मग तीनशे आपण. पाटील आपला, रस्ता आपला, मारायला येणाऱ्याला दहादा विचार करावा लागेल.

पाच वर्षांनी, 1947 च्या मार्चमध्ये, फेडरेशनच्या वतीनं घटना समितीसाठी बाबासाहेबांनी जे निवेदन लिहिलं, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', त्यात हे सगळं कलमांच्या भाषेत आलं. पडीक सरकारी जमीन आयोगाच्या ताब्यात द्यायची, लागली तर खाजगी जमीन विकत घ्यायची, वसाहतींसाठी केंद्रानं दर साली पाच कोटी रुपये बाजूला काढायचे. आणि त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. शेती हा सरकारी उद्योग करायचा, जमीन गावाला सामुदायिक कसायला द्यायची, जात-धर्म न बघता. कुणी जमीनदार राहणार नाही, कुळ राहणार नाही, भूमिहीन मजूर राहणार नाही.

इथं अभ्यास करणारी पोरं अडतात, आणि अडावंच. एका हातानं वेगळं गाव, दुसऱ्या हातानं सगळ्यांचं मिळून एक शेत. हे कसं जमायचं? त्याआधी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये तर त्यांनी आदर्श समाज स्वातंत्र्य, समता, बंधुत्वाचा सांगितला. माणसांच्या येण्याजाण्याला ज्यात अनेक वाटा आहेत, एका कोपऱ्यातलं चांगलं दुसऱ्या कोपऱ्यात झिरपतं, असा. मग हा वेगळेपणा कुठून आला? आपले विरोधक लगेच म्हणतात, बघा, हेच फुटीर.

माझं मत असं. धान्याच्या कोठारावर बसलेला आणि भाकरीसाठी दारात उभा असलेला, ह्या दोघांत बंधुभाव होत नाही. फार तर दया होते. दयेला बाबासाहेबांचा विटाळ होता. आधी आपल्या पायाखाली आपली जमीन, मग बरोबरीनं हात मिळवायचा. वेगळी वसाहत हे त्यांचं शेवटचं गाव नव्हतं, मुक्काम होता. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत गावाला त्यांनी संकुचितपणाचं डबकं म्हणून झोडपलं, तेव्हा सभागृहातले ग्रामभक्त चिडले. चिडणारच! त्यांचं गाव कुसाच्या आतलं होतं. पुढं ग्रामपंचायत कलम 40 मध्ये आली, अस्पृश्यतेला कलम 17 नं बंदी झाली. वसाहत आयोग मात्र घटनेत आला नाही.

आपल्यासारखीच गोष्ट अमेरिकेत घडली होती. तिथल्या ब्लॅक पँथरकडून आपल्या पोरांनी 1972 साली नाव घेतलं, तेव्हा त्यांच्या बापजाद्यांचा अनुभवही घ्यायला हवा. 1865 साली जनरल शर्मननं हुकूम काढून गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांना समुद्रकाठची जमीन चाळीस एकरापर्यंत वाटायला काढली. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सननं ती परत जुन्या मालकांना देऊन टाकली. मग 1877 मध्ये काही काळ्या कुटुंबांनी कॅन्सासच्या माळावर निकोडेमस नावाचं स्वतःचं गाव वसवलं. शाळा, दुकानं, वर्तमानपत्र, सगळं केलं. 1888 ला रेल्वे बाजूनं निघून गेली आणि गाव ओसरत गेलं. नुसतं वेगळं बसून भागत नाही, जमीन आणि रस्ता दोन्ही लागतात.

आपल्याकडं जमिनीची बाजू लोकांनीच उचलली. मराठवाड्यात 1953 पासून गायरानं कसायला सुरुवात झाली. 6 डिसेंबर 1964 ला दादासाहेब गायकवाडांचा देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला, लाखोंनी माणसं तुरुंगात गेली, बाया कडेवरच्या लेकरांसकट. सरकारनं 1991 साली 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची शेती नियमित करायचं ठरवलं. पण जी.आर. निघणं वेगळं आणि तलाठ्याच्या दप्तरात नाव चढणं वेगळं, हे कुणाला सांगायला नको. पुढं 2004 पासून दादासाहेबांच्याच नावाची योजना आली, भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. नाव मोठं, पण सरकारी दरात चांगली जमीन विकणार कोण? खडक विकायला मात्र पुष्कळ तयार.

बाकीचे शहराकडं गेले. त्यांना दोष देऊ नका. गावातल्या वाड्यापेक्षा मुंबईची झोपडपट्टी बरी वाटावी, हा निकाल गावाविरुद्धचा आहे. आणि एक जागा बाबासाहेबांनी प्रत्यक्ष उभी केली, औरंगाबादला (आता नाव छत्रपती संभाजीनगर). 1950 साली तिथं कॉलेज सुरू झालं, त्याचं नाव मिलिंद आणि परिसराचं नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू. देऊळ नाही, कूस नाही, मधोमध वर्ग आणि वाचनालय. आपल्या कल्पनेतल्या गावाचा मधला चौक कसा असावा, ह्याचा विटामातीतला नमुना कुणाला हवा असेल तर तिथं जाऊन बघावा.

आता 'आदर्श गाव' म्हटलं की राळेगणसिद्धी, हिवरेबाजार सांगतात. पाणी अडवलं, झाडं लावली, काम चांगलंच आहे. पण सूत्रं वाचा: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. चराईबंदी झाली की पहिली गदा कुणावर? शेत नाही, दोन शेळ्या आहेत अशा माणसावर. श्रमदान तर आपण पिढ्यान्‌पिढ्या केलंय, तेव्हा त्याला वेठ म्हणत. ह्या यादीत जातबंदी कुठंय?

डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं, महारवाडा, मांगवाडा ही जातीची नावं काढायची. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी ठेवायची. चांगलं झालं. पोराला पत्ता सांगताना मान खाली घालावी लागणार नाही. पण कमान रंगवून झाली, निळा झेंडा लागला, तरी नळाचा पाइप त्या कमानीपर्यंत कोणत्या साली आला आणि पाटलाच्या आळीत कोणत्या साली आला, हे बघायचं राहतंच.

म्हणून पुढच्या शिबिराला येताना कविता आणा, पण त्याच्यासोबत भूमी अभिलेख कार्यालयातून आपापल्या गावठाणाचा नकाशाही काढून आणा. त्यावर तांबड्या पेन्सिलीनं चार गोष्टी करा. आपली घरं, आपलं पाणी, आपलं मसणवटं, आणि आपल्या लोकांच्या नावावर असलेले गट नंबर. निळ्या पेन्सिलीनं गायरान. देऊळघाट, मेहुणा राजा, चिखली, मेहकर, लोणार, जिथून कुणी येईल तिथला. भिंतीवर सगळे शेजारी शेजारी लावू, आणि 1942 चा ठराव परत वाचायला घेऊ.