बसऱ्याच्या भिंतीवरचा आकडा



सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला सगळे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांची आठवण म्हणून गावात स्मारक आहे. आपल्याकडं आणखी काही गावांतही जुनी दगडी पाटी दिसते. या गावातून इतके पुरुष लढाईवर गेले, त्यांतले इतके मेले, असं तिच्यावर कोरलेलं असतं. नुसता आकडा, नावं नाहीत.

असाच आकडा, पण फार मोठा, इराकमधल्या बसरा इथल्या युद्धस्मारकावर आहे. त्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे.

त्या मुलखाला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत. राज्य तुर्कांचं होतं. इंग्रजांनी तिथं हिंदी फौज पाठवली. तिच्यात ‘पुणे डिव्हिजन’ होती आणि मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कूत गावात या फौजेला वेढा घातला. जवळजवळ पाच महिने वेढा उठला नाही. धान्य सरत आलं, तसे घोडे कापायची वेळ आली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. सुमारे १३,००० जण कैद झाले. वाळवंटातून पायी नेताना आणि कैदेत त्यांतले कितीतरी उपासानं आणि रोगानं गेले.

त्यांच्या घरी ना मढं आलं, ना अस्थी. मेल्याची तिथी ठाऊक नसेल, तर सर्वपित्री अमावास्येला पान वाढायचं, ही आपली रीत. पण त्या पानासाठी निदान नाव तरी घेता येतं.

ज्यांची कबर किंवा चिता कुठं आहे हे सांगता येत नाही, त्यांची नावं भिंतीवर कोरायची, यासाठी अशी स्मारकं उभी राहिली. हे काम करायला इंग्रजांनी १९१७ मध्ये एक आयोग नेमला. हुद्दा, जात, धर्म न पाहता मेलेल्या सगळ्यांना सारखा मान द्यायचा, असं त्याचं तत्त्व होतं. फ्रान्समधल्या नव्ह-शापेल इथं १९२७ मध्ये हिंदी जवानांचं स्मारक झालं. तिथं ४,७०० हून अधिक नावं कोरलेली आहेत.

बसऱ्याचं स्मारक १९२९ चं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक आकडा घातला. म्हणजे एकाच गावचे दोघे लढाईवर गेले, तर फ्रान्समध्ये मेला त्याला नाव मिळालं आणि बसऱ्याकडं मेला तो आकड्यात गेला.

आपल्या बचत गटाच्या वहीत ‘वीस बायकांनी पैसे भरले’ एवढंच लिहिलं, तर चालेल का आपल्याला? प्रत्येकीचं नाव लागतं. नाव असलं, की हिशेब मागता येतो.

हा हिशेब पुढं निघाला. २०२१ मध्ये त्याच आयोगानं चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्तच्या हजारो मृतांना गोऱ्यांच्या बरोबरीचा मान दिला नाही, हे त्यात मान्य केलं आणि आयोगानं जाहीर माफी मागितली.

भिंतीवर नसलेली बरीच नावं नोंदींत मात्र आहेत. आयोगाच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येतात. काही नोंदींत बापाचं नाव आणि गावही सापडतं. शाळेत जाणारी लेक मोबाईलवर ते शोधून देईल.

तुमच्या गावात अशी पाटी असेल, तर गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं काम घ्या. गावातल्या म्हाताऱ्या आजींना विचारा, कुणाचा आजा, कुणाचा चुलता त्या लढाईवरून परत आला नाही. त्यांच्या मागं घर कुणी चालवलं, लेकरं कुणी वाढवली, हेही विचारा. त्या बायांची नावं तर कुठल्याच पाटीवर नाहीत. वहीच्या एका पानावर त्याचं आणि दुसऱ्या पानावर तिचं नाव लिहा. नावं सांगणाऱ्या आजी आहेत, तोवर हे काम उरकायला हवं.