वैमानिकाचे पंख



वैमानिकाच्या गणवेशावर, डाव्या खिशाच्या वर, जे दोन पंख शिवलेले असतात, ते जमविण्याचा छंद पुष्कळांस असतो. शोभेची वस्तु म्हणून त्यांविषयीं मला बोलावयाचें नाहीं. चार बोटें लांबीचा हा कापडाचा तुकडा इतिहासाचें साधन कसा ठरतो, एवढेंच सांगावयाचें आहे. आमच्या आचऱ्यासारख्या बंदराच्या गांवीं शिडावरून गलबत ओळखीत. तसेच हे पंखही ओळखतां येतात.

प्रथम पंख मोजावे. ब्रिटिश परंपरेंत दोन पंख वैमानिकाचे. एकच असेल तर तें निरीक्षकाचें किंवा विमानांतील दुसऱ्या कोणाचें चिन्ह. मग अक्षरें पाहावीं. १९१३ सालीं 'रॉयल फ्लाइंग कोअर'च्या वैमानिकांस हें चिन्ह मिळालें. पंख पाकोळीचे, मध्यें पर्णमालेंत दलाचीं आद्याक्षरें, वर मुकुट. १ एप्रिल १९१८ रोजीं हें दल व नौदलाची विमानशाखा मिळून 'रॉयल एअर फोर्स' झालें आणि अक्षरें बदललीं.

तिसरी खूण मुकुटाची. सहाव्या जॉर्जपर्यंतच्या मुकुटाच्या कमानी वर गोल आहेत. राणी एलिझाबेथच्या मुकुटाच्या मध्यभागीं दबलेल्या. आपलें विमानदल ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं स्थापन झालें, १९४५ च्या मार्चांत त्यास 'रॉयल' हें उपपद मिळालें आणि २६ जानेवारी १९५० पासून तें गेलें. मुकुटाच्या जागीं अशोकस्तंभाचे सिंह आले. राणी गादीवर आली ती १९५२ सालीं. तेव्हां 'रॉयल इंडियन'चीं अक्षरें आणि दबलेला मुकुट एकत्र दिसले, तर तो माल बनावट समजावा. १९४० सालीं दलांत शिरलेले व १९७६ सालीं त्याचे प्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर यांच्या एकाच कारकीर्दींत हीं सर्व स्थित्यंतरें झालीं.

मात्र अक्षरांवरून काळाची अलीकडची मर्यादा ठरत नाहीं. दल बदललें तरी जुने गणवेश झिजेपर्यंत वापरांत राहिले. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर हा पहिल्या महायुद्धांत वैमानिक झालेल्या मोजक्या हिंदी तरुणांपैकीं एक. १९१७ सालीं तो ज्या दलांत शिरला, तें त्याच्या मृत्यूच्या वेळीं त्या नांवानें उरलेंही नव्हतें. ३० जून १९१८ रोजीं तो जखमांनीं वारला. फ्रान्समध्यें हांगार येथें त्याची समाधि आहे. त्याचें नांव आज किती मराठी घरांत ठाऊक आहे?

म्हणून एक विनंती. घरांतल्या जुन्या पेटींत असे पंख सांपडले, तर ते धुवूं नयेत. मागचे टांके, गंज, दोऱ्याचा उडालेला रंग हीच त्यांची साक्ष होय. शिवाय आजच्या साबणांतील उजळ करणाऱ्या द्रव्यांनीं जुना दोराही नव्यासारखा भासूं लागतो. शेजारीं एक चिठ्ठी ठेवावी: पंख कोणाचे, कोणत्या सालचे, कोणीं जपले. बाजारांत पंख विकत मिळतात; त्यांच्या धन्याचें नांव मात्र घरच्यांनींच राखावें लागतें.