बॅटरसीचा मुंबईकर खासदार

नोव्हेंबर 1922 च्या निवडणुकीत लंडनच्या नॉर्थ बॅटरसी मतदारसंघाने शापुरजी सकलातवाला यांना 2,021 मतांच्या आघाडीने ब्रिटिश पार्लमेंटात पाठवलं. त्यांचा जन्म मुंबईचा, 28 मार्च 1874 चा. आई जेरबाई ही जमशेटजी टाटांची सख्खी बहीण. टाटांचा हा भाचा थेम्सकाठच्या कामगारवस्तीचा खासदार झाला, तोही कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व उघडपणे बाळगून.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात होते आणि मी आयुष्यभर रात्रशाळेत इतिहास शिकवला. दिवसा बदलीवर जाऊन रात्री बाकावर बसणाऱ्या माझ्या मुलांना डांगे, मिरजकर, ना. म. जोशी या कामगार पुढाऱ्यांची नावं घरातूनच ठाऊक असायची. सकलातवालांचं नाव मात्र त्यांनी कधी ऐकलेलं नसायचं. गिरणगावाने या माणसाला विसरावं याचं मला दुःख होतं, म्हणून हे लिहितो आहे.

शापुरजी मामाच्या छायेत वाढले, सेंट झेवियर्समध्ये शिकले. 1896 साली मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळत होती. कामगारांच्या चाळींत एकेका खोलीत दहा-दहा जण दाटीवाटीने राहत, आणि मरणाचा फेरा तिथेच सर्वांत जास्त. प्लेगची लस तयार करणाऱ्या डॉ. हाफकिन यांना शापुरजींनी त्या काळात मदत केली. ऐन विशीतल्या या श्रीमंत घरच्या तरुणाने गरिबांची वस्ती जवळून पाहिली ती तेव्हा. परळच्या हाफकिन संस्थेवरून आपण रोज जातो. त्या कामाला हात लावणाऱ्यांत पुढचा एक ब्रिटिश खासदार होता, हे मी मुलांना आवर्जून सांगत असे.

पुढे मामाच्या पोलाद कारखान्यासाठी लोहखनिज आणि कोळसा शोधत ते मध्य आणि पूर्व भारताच्या जंगलांत हिंडले. तिथे मलेरियाने त्यांना पोखरलं. 1905 मध्ये त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आलं, प्रकृती सुधारावी आणि टाटांची तिथली कचेरीही सांभाळावी म्हणून. मॅटलॉक या हवापालटाच्या गावी ते गेले, तिथे सारा मार्श नावाची तरुणी वाढपीण म्हणून काम करत होती. 1907 मध्ये दोघांनी लग्न केलं. इंग्रज कामकरी घरातलं जगणं शापुरजींना आता आतून कळू लागलं. मँचेस्टरच्या परिसरातले कापडगिरणी कामगार त्यांनी पाहिले. पगार, आजार, भाडं, बेकारी, सगळ्या कहाण्या मुंबईत पाहिलेल्याच.

ते आधी इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेले आणि 1921 मध्ये नव्या कम्युनिस्ट पक्षात. या सगळ्या वर्षांत त्यांचा एकच मुद्दा होता. मुंबईच्या गिरणीत किंवा बंगालच्या तागाच्या कारखान्यात मजुरी पडली, की लँकेशायर आणि डंडीच्या मजुराचीही पडते. म्हणून हिंदी कामगाराची संघटना ही इंग्रज कामगाराच्याच भाकरीची गोष्ट आहे. वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया या संस्थेच्या द्वारे त्यांनी हेच काम केलं. इंग्रज कामगारांपुढे हिंदुस्थानच्या गरिबीबद्दल दया मागणारे वक्ते बरेच होते. दया न मागता हिशेब मांडणारे शापुरजी मला त्यांच्यात वेगळे दिसतात.

हा हिशेब बॅटरसीला समजला, कारण ती वस्तीच तशी होती. रेल्वेची यार्डं, गॅसचा कारखाना, मेणबत्त्यांचा कारखाना आणि त्यांभोवती मजुरांची घरं. आयरिश लोकांची संख्या मोठी. बार्बाडोसच्या खलाशाचा मुलगा जॉन आर्चर 1913 मध्ये याच बॅटरसीचा महापौर झाला होता. एका कृष्णवर्णीय माणसाला लंडनच्या बरोने महापौर करणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. तेच आर्चर 1922 मध्ये शापुरजींचे निवडणूक एजंट झाले. त्या वेळी मजूर पक्षाने शापुरजींना अधिकृत पाठिंबा दिला होता. पार्लमेंटात जाताच त्यांनी आयर्लंडच्या प्रश्नावर तोंड उघडलं. आयरिश फ्री स्टेटचा करार धाकाने लादलेला आहे, असं सांगून त्यांनी त्याच्या विधेयकाला विरोध केला. मजूर पक्ष विधेयकाच्या बाजूने होता, तरीही.

1923 च्या निवडणुकीत ते अवघ्या 186 मतांनी पडले. 1924 मध्ये मजूर पक्षाचा अधिकृत पाठिंबा नसताना, कम्युनिस्ट म्हणूनच उभे राहून त्यांनी ती जागा परत जिंकली. सभागृहात त्या पक्षाचे ते एकटे. 1925 मध्ये आंतरसंसदीय परिषदेसाठी अमेरिकेला जाणाऱ्या ब्रिटिश प्रतिनिधींत त्यांची निवड झाली, तर अमेरिकेने त्यांचा व्हिसा रद्द केला. 1 मे 1926 रोजी हाइड पार्कमधल्या भाषणात त्यांनी सैनिकांना आवाहन केलं की संपकऱ्यांवर गोळी झाडू नका. सार्वत्रिक संप सुरू होताच त्यांना अटक झाली. चांगल्या वागणुकीची हमी दिली असती तर सुटता आलं असतं. त्यांनी हमी नाकारली आणि दोन महिने वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात काढले. वडीलधाऱ्यांच्या तोंडून गिरणी संपांच्या कथा ऐकत मी मोठा झालो. सुटकेसाठी लिहून देणारा आणि न देणारा यांच्यातलं अंतर किती असतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

जानेवारी 1927 मध्ये ते मुंबई बंदरात उतरले. तीन महिने देशभर हिंडून त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. गांधीजींना उघड पत्र लिहिलं. त्यात ‘महात्मा’ न म्हणता ‘कॉम्रेड गांधी’ असं संबोधलं, आणि चरखा बाजूला ठेवून कामगार-शेतकऱ्यांची संघटना बांधा, असा आग्रह धरला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून उत्तर दिलं. शापुरजींच्या तळमळीचा आदर राखून त्यांनी खादीची बाजू मांडली. भांडवल आणि श्रम यांचं वैर अटळ आहे हे त्यांनी मान्य केलं नाही. ही पत्रं मी वर्गात वाचून दाखवत असे. मुलं दोन्ही बाजूंनी भांडत, आणि माझ्या वर्गात तो सर्वांत जिवंत तास असे.

ते इंग्लंडला परत गेल्यावर सरकारने त्यांच्या पासपोर्टावरची हिंदुस्थानची परवानगी काढून घेतली. पुढे 1929 मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं, तरी बंदी उठली नाही. ब्रिटिश पार्लमेंटात बसलेल्या माणसाला स्वतःच्या जन्मगावी जाण्याची मुभा राहिली नव्हती. त्याच 1927 साली त्यांनी मुलांची नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षा, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये जाहीरपणे केली. धर्म न मानणाऱ्या त्यांच्या पक्षाने जाहीर नापसंती दाखवली. शापुरजींनी पक्षही सोडला नाही आणि पारशीपणही. मला या गोष्टीत दुटप्पीपणा दिसत नाही. लग्न इंग्रज बाईशी, राजकारण जगाच्या कामगारांचं, आणि मुलांच्या अंगावर सदरा-कुस्ती, हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात प्रामाणिकपणे बसू शकतं, हे त्यांनी जगून दाखवलं.

1929 मध्ये मजूर पक्षाने त्यांच्याविरुद्ध आपला उमेदवार दिला. शापुरजी तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि पुन्हा पार्लमेंटात आले नाहीत. सरकारने हिंदुस्थानातल्या कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या मीरत खटल्यातल्या आरोपींसाठी, ज्यांत आमच्या गिरणगावचे पुढारी होते, ते इंग्लंडभर सभा घेत राहिले. 16 जानेवारी 1936 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षअखेरीस स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या बटालियनला आरंभी त्यांचंच नाव देण्यात आलं होतं.

त्यांच्याआधी मुंबईहून गेलेले दोन पारशी तिथे खासदार झाले होते, 1892 मध्ये उदारमतवादी दादाभाई नौरोजी आणि 1895 मध्ये हुजूर पक्षाचे मंचेरजी भावनगरी. दादाभाईंचा पुतळा आपल्या फोर्टात आहे, त्यांचा धडा शाळेत आहे, ते योग्यच. परकी भूमीत जन्मलेल्या माणसाला आपला प्रतिनिधी करण्याचं धैर्य लंडनच्या मतदारांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं, आणि ज्या मतदारांनी शापुरजींना निवडलं ते रेल्वे यार्डातले, गॅस कारखान्यातले मजूर होते. प्रतिनिधी कुठे जन्मला यापेक्षा आपल्या भाड्याचा आणि मजुरीचा प्रश्न त्याला कळतो का, हे त्यांनी पाहिलं. गिरणगावातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, दादाभाईंच्या धड्यानंतर एक तास शापुरजींना द्या. ती मुलं ज्या वस्तीत राहतात, तिच्या इतिहासाचा तो भाग आहे.