समुद्रावाचूनचं खारं पाणी

सिंधू नदीच्या मुखाशी समुद्राचं खारं पाणी आत का घुसलं, याचं उत्तर सोपं आहे. वर धरणं आणि बंधारे झाले, गोड्या पाण्याचा रेटा घटला आणि समुद्राला वाट मिळाली. पण बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी तिथल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या अनेक गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अकोला, अमरावतीपर्यंत पसरलेल्या पूर्णा नदीकाठच्या या भूमीला आपण खारपाणपट्टा म्हणतो. इथे पूर्वी समुद्र होता, त्याचंच हे मीठ, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हे मत नुसतं चुकीचं नाही, घातकही आहे. कारण मीठ समुद्राने ठेवलेलं असेल तर ते नशीब ठरतं, आणि नशिबापुढे कोणाला जाब विचारायचा?

जमीन वेगळंच सांगते. सातपुड्याच्या पायथ्याशी, भरड गाळात, पाणी गोडं आहे. तिथे संत्र्याच्या बागा उभ्या राहतात. पूर्णेकडे उतरावं तसा गाळ चिकणा होतो, उतार मंदावतो आणि पाणी खारं होत जातं. डोंगरातून आलेले क्षार पाण्याबरोबर पुढे वाहून गेले नाहीत. कोरड्या काळात पाणी आटलं, क्षार मागे राहिले. म्हणजे हे मीठ हा अपुऱ्या निचऱ्याचा इतिहास आहे. माणसांनी हा खारेपणा ओळखून त्यावर उपजीविकाही केली होती. अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ बनत असे. म्हणूनच १९३० साली, किनारा नसलेल्या वऱ्हाडात, मिठाचा सत्याग्रह तिथे होऊ शकला. शेतकऱ्याने मात्र हे खारं पाणी ओलितासाठी सहसा वापरलं नाही. पावसाची ओल धरून त्याने हरभरा पिकवला.

यावर कोणी म्हणेल, मग वान धरणाचं गोडं पाणी कालव्याने सगळीकडे न्यावं, प्रश्न मिटेल. पिण्यासाठी ते न्यायलाच हवं. त्या पाण्यावर गावांचा पहिला हक्क आहे. पण शेतात प्रश्न उलटतो. सोडियमने भरलेली काळी माती ओली झाली की फुगते, तिची छिद्रं बुजतात. निचऱ्याविना पाणी देत राहिलं तर भूजल वर चढतं आणि क्षार मुळांपाशी येतात. सिंधूच्या मुखाकडे गोड्या पाण्याच्या टंचाईने जे होतं, तेच इथे त्याच्या अविचारी भरतीने होईल. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प उभा राहतो आहे. त्याच्या हिशेबात किती हेक्टर भिजतील एवढंच धरलं जाऊ नये. किती क्षार बाहेर जातील, हेही मांडलं पाहिजे. ज्या खोऱ्यातून मीठ वाहून गेलं नाही म्हणून पाणी खारं झालं, तिथे पाणी आणणं हे निम्मंच काम आहे. मीठ बाहेर काढणं हे उरलेलं निम्मं.